हातातले जिभेवर येईपर्यंत

आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानात सिमेंटचे एक बास्केटबॉल कोर्ट आहे. काळ्या मातीवर बांधलेल्या प्रत्येक गोष्टीचे जे होते तेच त्याचेही झाले आहे. पावसाळ्यात खालची जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि डाव्या बास्केटखालच्या तड्यावर चेंडू पडला की तो कुठे उसळेल याचा नेम राहत नाही. दिवाळीच्या आगेमागे पंधरा-वीस दिवस त्यावर सोयाबीन वाळत असते, तेव्हा सराव बंद राहतो, आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. या कोर्टावर मुलामुलींना शिकवण्यासाठी मानधनावर एक प्रशिक्षक नेमावा असे शाळेच्या समितीने आणि वर्गणी देणाऱ्या गावकऱ्यांनी ठरवले, तेव्हापासून गावात एकच वाद चालू आहे. याच गावातून गेलेला, एका सरकारी खात्याच्या संघातून अकरा वर्षे पॉइंट गार्ड म्हणून खेळलेला आणि गुडघा दुखावल्याने परत आलेला एक खेळाडू या कामाला तयार आहे. एक पक्ष म्हणतो, जो खेळला तोच शिकवू शकतो, त्याच्या हाती उद्यापासून कोर्ट द्या. दुसरा पक्ष म्हणतो, पदविका नाही तर प्रशिक्षक नाही, खेळणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. दोन्ही बाजू आपापले वाक्य इतक्या ठामपणे म्हणतात की त्यापुढे विचार करण्याची कोणाला गरजच वाटत नाही.

माझे मत आधीच सांगतो. या खेळाडूला घ्यावे, नक्की घ्यावे, पण पहिली दोन वर्षे सहायक म्हणून घ्यावे. मानधन पूर्ण द्यावे, आणि शाळेच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांबरोबर, त्यांच्या देखरेखीखाली त्याने काम करावे. दोन वर्षांनंतर कोर्ट त्याचे. हे मत दोन्ही पक्षांना आवडलेले नाही. दोघांनाही मधला मार्ग म्हणजे भित्रेपणा वाटतो. म्हणून हा मध्यममार्ग नसून खेळाडू प्रशिक्षक कसा होतो यासंबंधीचे एक स्वतंत्र म्हणणे आहे, हे मला सविस्तर मांडावेसे वाटते.

खेळाडूच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा हा, की तो पॉइंट गार्ड होता. ज्यांनी बास्केटबॉल फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो की कोर्टावरच्या पाच जणांमध्ये पॉइंट गार्ड हा बहुधा सर्वांत बुटका असतो आणि चेंडू सर्वांत जास्त वेळ त्याच्याच हातात असतो. कोणती चाल खेळायची ते तो बोटांनी दाखवतो, कोणाला कुठे चेंडू दिला की नेम लागतो हे त्याला पाठ असते, आणि प्रशिक्षक बाकावरून जे ओरडतो ते उरलेल्या चौघांपर्यंत तोच पोहोचवतो. दहा-अकरा वर्षे हे काम केलेला माणूस अर्धा प्रशिक्षक झालेलाच असतो, हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. जेसन किडचे उदाहरण घ्या. हा अमेरिकन पॉइंट गार्ड १९९४ मध्ये डॅलसच्या संघात आला आणि एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये १९ हंगाम खेळला. २००१ च्या उन्हाळ्यात तो न्यू जर्सीच्या संघात गेला. आदल्या हंगामात त्या संघाने ८२ पैकी २६ सामने जिंकले होते, किड आल्यावर पहिल्याच हंगामात ५२ जिंकले आणि थेट अंतिम फेरी गाठली. पुढच्या वर्षी पुन्हा गाठली. तो निवृत्त झाला तेव्हा असिस्टच्या, म्हणजे दुसऱ्याला गुण मिळवून देणाऱ्या पासांच्या यादीत, १२,०९१ असिस्टसह केवळ जॉन स्टॉकटन त्याच्या पुढे होता. एक माणूस आला आणि उरलेल्या चौघांचा खेळ सुधारला, ही गोष्ट प्रशिक्षकाच्या कामापासून किती दूर आहे? फारशी नाही.

पण याच किडची पुढची गोष्ट आमच्या वादात कोणी सांगत नाही. जून २०१३ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली आणि दहा दिवसांच्या आत ब्रुकलिनने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमले. मध्ये काहीच नाही. एका दिवसाची उमेदवारीही नाही. ज्या लॉरेन्स फ्रँकच्या हाताखाली तो न्यू जर्सीत खेळला होता, त्यालाच त्याने आपला सहायक म्हणून बोलावले आणि हंगामाचा दुसरा महिनाही सरला नव्हता तोच बाकावरून हटवून रोजचे अहवाल लिहिण्याच्या कामाला लावले. त्याच सुमारास एका सामन्यात संघाचे टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवून घेण्याच्या संधी, संपलेल्या असताना त्याच्या हातातले पेय कोर्टावर सांडले, फरशी पुसेपर्यंत खेळ थांबला, आणि मुद्दाम सांडल्याबद्दल लीगने त्याला ५०,००० डॉलरचा दंड केला. वर्ष संपता संपता संघ १० जिंकून २१ हरला होता. पेय सांडण्याची ती युक्ती मला फार बोलकी वाटते. ती खेळाडूच्या डोक्यातून आलेली युक्ती आहे. हातात चेंडू असता तर त्याने दुसरे काहीतरी केले असते. हातात चेंडू नव्हता, आणि जे दिसत होते ते दुसऱ्याकडून करून घेण्याची सवय अजून लागायची होती.

न्यायाने पुढचेही सांगितले पाहिजे. तोच संघ हंगामाअखेर ४४ विजय आणि ३८ पराभवांवर आला. त्यानंतर किड मिलवॉकीला गेला, तिथे १५ विजयांवर रखडलेला संघ त्याने पहिल्याच वर्षी ४१ विजयांवर नेला. म्हणजे तो अपयशी होता असे मुळीच नाही. पण तिथली वाढ पुढे अडली आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याला काढले गेले. यानंतर त्याने जे केले ते माझ्या लेखी त्याच्या सगळ्या विक्रमांपेक्षा मोठे आहे. २०१९ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, दोन संघांचे मुख्य प्रशिक्षकपद भूषवून झाल्यावर, तो लॉस एंजलिसच्या लेकर्समध्ये फ्रँक व्होगेल यांचा सहायक म्हणून जाऊन बसला. दोन हंगाम तिथे काढले. २०२० चे विजेतेपद त्या संघाने जिंकले, तेव्हा तो दुसऱ्याच्या हाताखाली होता. मग डॅलसचे मुख्य प्रशिक्षकपद घेतले, पहिल्या हंगामात संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत गेला आणि २०२४ मध्ये लीगच्या अंतिम फेरीत. जी उमेदवारी त्याने आधी करायला हवी होती ती नंतर केली, आणि तिचे फळ मिळाले. त्याच्यासारख्या महान पॉइंट गार्डला जर ती टाळता आली नाही, तर आमच्या गावच्या गुणी मुलाला ती टाळता येईल असे आपण कशाच्या बळावर म्हणतो?

असे का होते, हे मला कोर्टाच्या कडेला बसूनच उमगले. हा खेळाडू गेल्या महिन्यात हौसेने मुलींचा सराव घेत होता. एक मुलगी स्क्रीन लावून, म्हणजे समोरच्या खेळाडूची वाट अंगाने अडवून, उभी, दुसरी तिला घासून चेंडू घेऊन वळणार, आणि वळता वळता बास्केटकडे धावणाऱ्या पहिलीला पास देणार, अशी ती चाल. त्याने स्वतः करून दाखवली. अंगात अजून पूर्वीचा डौल आहे, चेंडू जणू आपोआप तिथे गेला. "असं," तो म्हणाला. पुन्हा दाखवली. "असं कर." तिसऱ्यांदा दाखवली, थोडी सावकाश. नववीतल्या एका मुलीने विचारले, "पण सर, पास केव्हा द्याचा?" तो थांबला. चेंडू हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला उत्तर येत नव्हते असे नाही, ते त्याच्या मनगटाला येत होते. अकरा वर्षे हजारो वेळा त्याने तो पास नेमक्या क्षणी दिला होता, पण तो क्षण कोणता, हे त्याने कधी शब्दांत स्वतःलाही सांगितले नव्हते. सांगण्याची गरजच पडली नव्हती. बाजूला उभे असलेले शारीरिक शिक्षणाचे सर, जे स्वतः कबड्डीचे आणि बास्केटबॉल त्यांनी पुस्तकातून आणि पंचगिरी करत शिकलेला, ते पुढे आले. त्यांनी चार विटा मांडल्या, खडूने दोन रेघा ओढल्या आणि खेळाडूला म्हणाले, "तू हळू हळू कर आणि समोरच्या पोरीच्या पायाकडे पाहून सांग काय होते ते." चौथ्या वेळी खेळाडू स्वतःच थबकला आणि म्हणाला, "तिचा पुढचा पाय माझ्याकडे वळला की." ते वाक्य त्याच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा आले. मुलीने मान डोलावली, आणि पाच मिनिटांत दोघींना तो पास जमला.

मी पस्तीस वर्षे गणित शिकवले. ज्यांना गणित उपजत येते अशा मुलांना शेजाऱ्याला समजावून सांगायला लावले की ते उत्तर सांगत, रीत सांगता येत नसे, कारण मधल्या पायऱ्या त्यांना कधी दिसलेल्याच नसत. हातात असलेली विद्या जिभेवर यायला वेळ लागतो, आणि ती आणणारा कोणी दुसरा समोर लागतो. सामन्यांची संख्या वाढवून ती येत नाही. मॅजिक जॉन्सन हा पॉइंट गार्डच्या जागेवर खेळलेल्या सर्वश्रेष्ठांपैकी एक. १९९४ मध्ये त्याने लेकर्सचे प्रशिक्षकपद घेतले, १६ सामन्यांत ५ जिंकले, ११ हरले आणि पद सोडले. २०२० मध्ये ब्रुकलिनने प्रशिक्षणाचा अनुभव नसलेल्या स्टीव्ह नॅशला मुख्य प्रशिक्षक केले. खेळाडू म्हणून लागोपाठ दोन वेळा सर्वोत्तम ठरलेल्या या पॉइंट गार्डचे ते पद नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले. यांच्यापैकी कोणाला खेळ कळत नव्हता?

यावर खेळाडूच्या पक्षाकडे दोन चांगली उत्तरे आहेत, आणि ती मी टाळणार नाही. पहिले लेनी विल्किन्स यांचे. सिअ‍ॅटलच्या संघात पॉइंट गार्ड म्हणून खेळत असतानाच १९६९ मध्ये ते त्याच संघाचे प्रशिक्षकही झाले. त्या हंगामात असिस्टमध्ये ते लीगमध्ये पहिले होते, आणि बाकावरचे निर्णयही त्यांचेच होते. पुढे त्यांनी प्रशिक्षक म्हणून १,३३२ सामने जिंकले, १९७९ चे विजेतेपद मिळवले आणि खेळाडू व प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्यांची निवड झाली. दुसरे उदाहरण डॉन स्टेली यांचे. साडेपाच फुटांची ही पॉइंट गार्ड २००० मध्ये टेंपल विद्यापीठाची प्रशिक्षक झाली तेव्हा तिने कोणालाही प्रशिक्षण दिलेले नव्हते, ती स्वतः व्यावसायिक लीगमध्ये खेळत होती आणि २००६ पर्यंत खेळत राहिली. आज साउथ कॅरोलायना विद्यापीठाबरोबर २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे तिच्या नावावर आहेत. उमेदवारी इतकी गरजेची असेल तर ही दोघे कशी झाली?

झाली, पण बारकाईने पाहावे. विल्किन्स यांच्या संघाने पहिल्या वर्षी ३६ जिंकले व ४६ गमावले, दुसऱ्या वर्षी ३८ जिंकले व ४४ गमावले, आणि तिसऱ्या वर्षी कुठे ४७ विजयांपर्यंत मजल मारली. म्हणजे उमेदवारी त्यांनीही केली, फक्त ती पराभवांच्या खर्चाने केली आणि तो खर्च संघाच्या मालकांनी सोसला. स्टेलींना पहिल्या दिवसापासून संघ सांभाळता आला, हे मी सरळ मान्य करतो, त्या अपवाद आहेत. तरीही पहिले राष्ट्रीय विजेतेपद यायला सतरा वर्षे लागली, आणि त्या काळात विद्यापीठांनी सहायक, डॉक्टर, व्यायामतज्ज्ञ, सुस्थितीतले कोर्ट असे सगळे त्यांच्याभोवती उभे केले होते. आमच्याकडे यातले काय आहे? व्यावसायिक संघ ४६ सामने हरला तर पुढच्या वर्षी नव्या खेळाडूंची निवड असते, नवा हंगाम असतो. आमच्या नववीतल्या मुलीला दोन वर्षे आहेत. शालेय स्पर्धांत १७ वर्षांखालच्या गटात तिला तालुका, जिल्हा, विभाग असे जे काही खेळायचे ते याच दोन वर्षांत. त्यानंतर काही मुली अमरावती-नागपूरला शिकायला जातात, काही कापूस वेचायला आईबरोबर शेतात जातात, काहींची लग्ने ठरतात. प्रशिक्षकाच्या शिकण्याचा खर्च त्यांच्याकडून वसूल करणे मला अन्यायाचे वाटते. स्टेली निघेल या आशेवर ही पैज लावण्याचा आपल्याला काय हक्क आहे?

आता पदविकेच्या पक्षाकडे वळतो. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा शरीराचा आहे आणि तो गावात कोणी नीट ऐकून घेत नाही. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. सकाळी नऊनंतर सिमेंटवर अनवाणी पाय ठेववत नाही. वाढीच्या वयातल्या मुलामुलींचे गुडघे, घोटे, पाणी, झोप, मुलींची मासिक पाळी आणि अंगातले रक्त कमी असणे, या सगळ्यांचा विचार न करता वरिष्ठ संघातला सराव त्यांच्यावर लादला तर इजा ठरलेली. ज्याचा स्वतःचा गुडघा खेळता खेळता दुखावला आणि तरी इंजेक्शन घेऊन जो खेळत राहिला, त्याला मुलांनी केव्हा थांबावे हे आपसूक कळेल, हे गृहीत धरता येत नाही. दुसरे, मोठे खेळाडू नसलेले लोक मोठे प्रशिक्षक झाल्याचे दाखले आपल्या घरातही आहेत आणि बाहेरही. रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, त्यांनी सचिन तेंडुलकर घडवला. एरिक स्पोल्स्ट्रा एनबीएमध्ये एकही सामना खेळलेला नाही. १९९५ मध्ये मायामीच्या व्हिडिओ खोलीत चित्रफिती लावण्यापासून त्याने सुरुवात केली, २००८ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला आणि २०१२ व २०१३ ची विजेतेपदे जिंकली.

पण या दाखल्यांतून पदविका कशी सिद्ध होते? आचरेकर सरांची थोरवी शिवाजी पार्कवर वर्षानुवर्षे उभे राहण्यात होती आणि स्पोल्स्ट्राची त्या तेरा वर्षांत. ज्ञानाचा कागद पुरेसा असता, तर या खेळाचे जनक जेम्स नाइस्मिथ यांच्याइतका योग्य प्रशिक्षक कोण होता? ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला त्यांनीच हा खेळ रचला, त्याचे मूळ १३ नियम त्यांनीच लिहिले. कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. नियम लिहिणाऱ्यालाही सामना कसा जिंकायचा ते कोर्टावरच शिकावे लागते. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये लागोपाठ रणजी करंडक जिंकला तेव्हा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते. ते ५ कसोटी सामने खेळलेले. त्यांच्या खेळाडूपणाने करंडक आला म्हणावे तर त्यांच्याहून मोठे कितीतरी खेळाडू प्रशिक्षक म्हणून रिकाम्या हाताने परतले, आणि कागदाने आला म्हणावे तर तसे कागद अनेकांकडे असतात. नागपूरला येण्याआधी त्यांनी इतर संघांबरोबर काढलेली वर्षे मात्र कोणीही मोजत नाही.

आपल्या मातीत हा प्रश्न नवा आहे असेही नाही. आखाड्याने तो फार पूर्वी सोडवला होता. कुस्त्या बंद केलेला पहिलवान दुसऱ्या दिवशी वस्ताद होत नसे. तो तांबड्या मातीत उतरून पोरांशी लढत करी, त्यांचे डाव अंगावर घेई, आणि वस्ताद काठावर बसून पोरांबरोबर त्यालाही पाहत असे. कोणत्या पोराला कोणता डाव शोभतो हे बोलता यायला लागले की एक दिवस तोच काठावर बसू लागे. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळा काढली, तिचे पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, १९३६ मध्ये मंडळाच्या चमूने बर्लिनला आपले देशी खेळ दाखवले, आणि आज तिथे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय आहे. आखाड्यातून महाविद्यालय निघाले, आखाडा मोडून नाही. आमच्या गावापासून जेमतेम तीन तासांवर हे उदाहरण उभे असताना आपण खेळाडू आणि पदवी यांना एकमेकांचे शत्रू का करून ठेवले आहे, हे मला समजत नाही.

राहतो मानाचा प्रश्न. काही ज्येष्ठ मंडळी मला म्हणाली, ज्याने राज्याचा बनियन घातला त्याला कबड्डीवाल्या सरांच्या हाताखाली ठेवणे हा अपमान आहे, तो निघून जाईल. ही भीती खरी आहे आणि तिच्यामागे आपल्याकडच्या खेळाडूंची दशाही आहे. अमेरिकेसारखी लीग इथे टिकलेली नाही. आपल्याकडे बास्केटबॉलचा पेशा म्हणजे बहुधा रेल्वे, सेनादल, पोलीस, बँक अशा संघांतली नोकरी, आणि खेळ संपला की त्याच खात्यातले एखादे टेबल. त्या टेबलावरून उठून कोणी गावी परत येत असेल तर त्याला मान द्यायलाच हवा. म्हणूनच मी मानधन पूर्ण द्या म्हणतो, दोन वर्षांनंतरचे पद आजच लेखी द्या म्हणतो, आणि या दोन वर्षांत पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतला प्रमाणपत्राचा छोटा अभ्यासक्रम करायला त्याला वर्गणीतून पाठवा म्हणतो. सहायक हा शब्द पगार कमी करण्यासाठी वापरला तर तो अपमान आहे. जेसन किडने तो शब्द स्वीकारला होता.

समितीने जाहिरातीचा जो मसुदा फळ्यावर लावला आहे त्यात पात्रतेची एकच ओळ आहे: "राज्य स्तरावरील खेळाडू अथवा मान्यताप्राप्त पदविकाधारक." माझी मागणी इतकीच आहे की तिच्याखाली दुसरी ओळ घालावी, की निवड झालेल्या व्यक्तीने पहिले दोन हंगाम शाळेच्या शारीरिक शिक्षण शिक्षकांबरोबर काम करावयाचे आहे. पुढच्या बैठकीत मी हे लेखी देणार आहे. दरम्यान सोयाबीन उचलून झाले आहे, कोर्ट झाडले आहे, आणि काल संध्याकाळी तो खेळाडू त्या नववीतल्या मुलीला चेंडू न देता नुसता समोर उभा करून विचारत होता, "आता पाहा तिच्या पायाकडे. केव्हा देशील?"